नव्या फ्लॅटला पहिल्याच पावसात ओल. बिल्डर म्हणतो आधी सही, मग दुरुस्ती. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुण्यात वाघोलीच्या पुढे आमचा टू बीएचके आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास ताबा मिळाला. भोगवटा प्रमाणपत्र आहे, प्रकल्प महारेरात (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडे) नोंदलेला आहे. बिल्डरचं नाव देत नाही, कृपया अंदाजही बांधू नका.

पाऊस लागला आणि मागच्या बेडरूमची पश्चिमेची भिंत ओली झाली. पलंग पुढे ओढला तर मागे रंगाचे पोपडे सुटलेले. बोट फिरवलं की पांढरी पूड लागते आणि नाण्याने वाजवलं तर हातभर जागेत प्लास्टर पोकळ वाजतं. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून तिरप्या बारीक भेगा निघाल्यात. कॉमन टॉयलेटच्या छतालाही पिवळा डाग आहे, तो मात्र पाऊस नसतानाही वाढतो. वरचा फ्लॅट विकला गेलेला नाही, तिथे बिल्डरचीच माणसं राहतात. शिवाय हॉलमध्ये भिंत आणि कॉलम यांच्या सांध्यात सरळ उभी भेग आहे. सासूबाई तिच्याकडे बघून रोज देवाचं नाव घेतात.

साइट इंजिनिअर येऊन गेले. "मॅडम, पहिल्या पावसात सगळ्याच बिल्डिंगा पाणी पितात. दसऱ्यानंतर पुट्टी मारून रंग देतो." पण त्याआधी 'सर्व तक्रारींचे निवारण झाले, यापुढे कोणताही दावा नाही' अशा कागदावर सही हवी. आणि आम्ही ओट्याचं सिंक सरकवलंय, म्हणून वॉरंटीच गेली म्हणे! करारात तसं कलम आहे खरं: लेखी परवानगीशिवाय फेरफार केल्यास जबाबदारी संपते. तापमानातल्या 20 अंशांहून जास्त फरकाने पडणाऱ्या केसासारख्या भेगा दोषांत धरणार नाहीत, असंही एक कलम आहे.

सही करावी का? ओट्याचा आणि बेडरूमच्या भिंतीचा काय संबंध? आणि ती उभी भेग धोक्याची आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, सिव्हिलमध्ये आहे म्हणून लिहितो. आधी उभ्या भेगेबद्दल. भिंती बहुतेक एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) असतील. ब्लॉक आणि काँक्रीट वेगवेगळं आकसतं, सांध्यावर प्लास्टरखाली जाळी नीट मारली नसेल तर तिथे हमखास भेग पडते. दिसायला वाईट, पण सहसा इमारतीला धोका नसतो. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करा, तारीख घालून फोटो काढत राहा. रुंदावत असेल, किंवा खुद्द कॉलम-बीमवर भेग दिसली, तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायलाच हवं.

खिडकीकडे जास्त लक्ष द्या. बाहेरच्या सिलला (खिडकीखालच्या कडेला) उतार आहे का आणि फ्रेमभोवतीचं सीलंट कुठे सुटलंय, ते बघा. बाहेरून पाणी आत येत असताना आतून पुट्टी मारणं म्हणजे पुढच्या पावसाची सोय. आधी बाहेरची वाट बंद, मग पोकळ प्लास्टर खरवडून नवं, ते वाळल्यावर रंग. टॉयलेटसाठी वरच्या मजल्यावर पाँडिंग टेस्ट मागा: नहाणी ट्रॅप बंद करून पाणी भरायचं, दोन दिवस ठेवायचं. डाग वाढला तर वॉटरप्रूफिंग गेलंय. नाहीच वाढला तर पाइपांचे सांधे तपासायचे. किल्ली त्यांच्याकडेच असल्यामुळे सबब चालणार नाही.

प्रतिसाद

सही अजिबात करू नका. काम न करता निवारण झालं असं लिहून घेणं, कमाल आहे!

रेरा कायद्याचं कलम 14(3) वाचा. ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा, दर्जाचा किंवा सेवांचा दोष नजरेस आणून दिला, तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. नाही केला तर भरपाई मागता येते. पण 'नजरेस आणून दिला' याचा पुरावा तुमच्याकडे हवा. इंजिनिअरशी फोनवर बोललेलं उद्या कुणाला आठवत नाही. ईमेल करा, सोबत रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवा. प्रत्येक दोष वेगळा लिहा, फोटो जोडा.

सिंकचं म्हणाल तर, माझ्या मते ते कलम पाणी झिरपेल अशा कामांसाठी आहे. ओट्याच्या कामामुळे पश्चिमेची भिंत बाहेरून कशी भिजली, हे त्यांनी दाखवावं. भेगेवर ते 20 अंशांचं कलम पुढे करतील. ओल आणि पोकळ प्लास्टर त्यात बसत नाही, म्हणून पत्रात ते वर घ्या.

त्यांनी नाहीच ऐकलं तर महारेरात ऑनलाइन तक्रार करता येते, शुल्क 5000 रुपये. आधी सलोखा मंचात बसायचा पर्यायही आहे. ग्राहक आयोगाकडेही जाता येतं, तिथे मुदत साधारण 2 वर्षांची. खालच्या-वरच्यांनाही विचारा. पश्चिमेच्या सगळ्याच फ्लॅटना ओल असेल तर प्रश्न बाहेरच्या प्लास्टरचा आहे.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. खालच्या काकूंकडे जाऊन आले. त्यांच्याही त्याच भिंतीला ओल आहे, कपाट लावल्यामुळे त्यांना दिसलीच नव्हती. आता पत्र दोघींच्या सह्यांचं एकच द्यावं की आपापलं वेगळं? करार तर वेगवेगळे आहेत. आणि सोसायटी अजून नोंदवलेली नाही, तर बाहेरच्या भिंतीसाठी मागणी कुणी करायची?