'भाषांतर' की 'भाषांतरण'?

टाकबोरू: पेशीत प्रथिनं कशी बनतात यावर लेख लिहितोय. डीएनएवरून एमआरएनए (त्यातल्या माहितीची कामापुरती प्रत) तयार होतो ते 'प्रतिलेखन', इथवर सुरळीत. पुढे 'रायबोसोमवर भाषांतर होतं' (म्हणजे पेशीतल्या या यंत्रावर ती प्रत वाचून प्रथिन बनतं) असं लिहिलं, तर बहिणीनं विचारलं, "कुठल्या भाषेतून?" पाठ्यपुस्तकात 'भाषांतरण' आहे. तो 'ण' नक्की काय साधतो?

पानगळ: भाषांतर माणूस करतो, भाषांतरण आपोआप होतं. आणि बहिणीला उत्तर द्या की! चार अक्षरांच्या भाषेतून वीस अक्षरांच्या भाषेत. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, असे ६४. त्यांतले ६१ अमिनो आम्लांचे (म्हणजे प्रथिनाच्या वीस घटकांचे), उरलेले तीन म्हणजे पूर्णविराम.

खोडरबर: मग उद्यापासून स्थलांतराचंही 'स्थलांतरण' करा. हा ण हिंदीतून आलेला पाहुणा आहे. मी वर्गात सरळ 'ट्रान्सलेशन' म्हणायचो, कुणाचं अडलं नाही.

पानगळ: त्याचाही अर्थ भाषांतरच ना? इंग्रजीत रूपक चालतं, मराठीत आलं की खुपतं!

तिसरी घंटा: माझं भलतंच. अनु + वद्, म्हणजे मागून बोलणं. मीमांसा दर्शनात आधी माहीत असलेलं पुन्हा सांगणं म्हणजे 'अनुवाद'. त्या हिशेबानं प्रतिलेखन हाच खरा अनुवाद! भाषा तीच, फक्त थायमिन या अक्षराच्या जागी युरॅसिल.

खोडरबर: त्याला साधं 'नक्कल' म्हणा. आमचे आजोबा कागद 'नकलून' घ्यायचे.

टाकबोरू: आणि पेशी विभागण्याआधी अख्ख्या डीएनएची प्रत निघते, तिला काय म्हणू?

तिसरी घंटा: 'भाषांतर'ही मला पटत नाही. ल्युसिन या एकाच अमिनो आम्लाला तीन अक्षरांची सहा त्रिकं आहेत. नुसतं प्रथिन हातात दिलं तर मूळ मजकूर कुठला होता ते कुणाला सांगता येईल?

खोडरबर: कवितेच्या भाषांतराचं तरी दुसरं काय होतं?

पानगळ: :)) अवांतर: 'प्रथिन' हे 'प्रथम'वरून ना? 'प्रोटीन' १८३८ साली छापून आला, तोही 'अग्रगण्य' अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. दोन्हीकडे तोच 'प्र'! असा शब्द ज्यानं घडवला त्याला दंडवत.

खोडरबर: दंडवत आहेच, पण टाकबोरू 'प्रथिनं' लिहितात ते चालतं का? लेखात 'प्रथिने'च हवं.

पानगळ: का? बोलताना कोण 'प्रथिने' म्हणतं?

टाकबोरू: मंडळी, तो ण ठेवू की काढू?

खोडरबर: आधी अनुस्वाराचं बघा.