'बाय' की 'टिल'? दोष पोरांचा की शिकवण्याचा?

खाडीकाठी (मालवण):
तारकर्लीला ओळखीतल्या एकांचा होमस्टे आहे. त्यांनी परदेशी पाहुण्याला मेसेज टाकला, 'रूम इज अव्हेलेबल बाय फिफ्थ मे'. म्हणायचं होतं की ५ मेपर्यंत रूम मोकळी आहे, पुढे बुकिंग आहे. समोरच्याने वाचलं की रूम आत्ता भरलेली आहे आणि ५ तारखेपर्यंत रिकामी होईल. आला ना तो ६ तारखेला बॅगा घेऊन. मग घरातल्या बारावीच्या पोरीला बोलणी, एवढं इंग्लिश मीडियमला घातली आणि साधा मेसेज तपासता येत नाही म्हणून.

माझं मत असं की पोरीचा यात काडीचा दोष नाही. आपण '५ मेपर्यंत मोकळी आहे' म्हणतो आणि '५ मेपर्यंत मोकळी होईल' पण म्हणतो, 'पर्यंत' दोन्हीकडे तोच, फरक सगळा 'आहे' आणि 'होईल' दाखवतात. इंग्रजीत हे ओझं त्या चिमुकल्या शब्दावर टाकलंय. काम तोवर चालूच राहणार असेल (वेट, स्टे, स्लीप) तर टिल किंवा अंटिल, आणि तोवर कधीतरी एकदा घडून जाणार असेल (पे, रीच, फिनिश) तर बाय. म्हणजे आधी क्रियापद बघायचं, मग पुढचा शब्द. शाळेत उलटं चालतं, क्रियापदाचं नाव नाही, नुसती यादी घोकायची, घड्याळाला ॲट, वाराला ऑन, महिन्याला इन. ती यादी पाठ असूनही मेसेज चुकतो तो यामुळे.

सड्यावरचा_कलमी:
अजिबात पटलं नाही. तुम्ही इंग्रजीला उगाच शहाणी ठरवताय. तिच्यात लॉजिक असतं तर सकाळी 'इन द मॉर्निंग' आणि रात्री 'ॲट नाइट' कशाला झालं असतं? आणि तीच सकाळ सोमवारची झाली की लगेच 'ऑन मंडे मॉर्निंग'. शनिवार-रविवारला ब्रिटिश 'ॲट द वीकेंड' म्हणतात, अमेरिकन 'ऑन द वीकेंड', आणि अमेरिकन माणूस तर 'सी यू मंडे' म्हणून मोकळा होतो, ऑन गेला उडत. आणि आपण मात्र इकडे बसून पोरांचे मार्क कापायचे. सवयीचा मामला आहे हो, ऐकून ऐकून येतं, नियम शिकवून काही होत नाही. होमस्टेवाल्याने चेक-इन आणि चेक-आउटची तारीख आकड्यात लिहिली असती तर विषयच संपला होता.

खाडीकाठी:
दादा, तुम्ही दोन वेगळ्या टोपल्यांतले मासे एकत्र केलेत. ॲट नाइट आणि वीकेंड हा पाठांतराचाच भाग आहे, मान्य. तिथे चुकलं तरी अर्थ बदलत नाही, 'इन द नाइट' म्हटलं तर फार तर कोणी हसेल. बाय आणि टिल बदलले तर अर्थ उलटा होतो. 'द बोट वोन्ट कम अंटिल मंडे' म्हणजे सोमवारी येणार, हे जवळपास धरूनच चालायचं. 'वोन्ट कम बाय मंडे' म्हणजे सोमवार उजाडला तरी आलेली नसेल, पुढचं देव जाणे. मराठीत दोन्हीला आपण 'सोमवारपर्यंत बोट येणार नाही' म्हणू आणि ऐकणारा संदर्भावरून काय ते समजेल.

चाकरमानी_परळ:
मूळ पोस्टच्या बाजूने बोलतो. हा क्रियापदाचा मुद्दा काही कोणाच्या मनातला नाही, झेनो वेंडलर नावाच्या तत्त्वज्ञाने १९५७ मध्ये इंग्रजी क्रियापदांचे चार गट पाडले ते काळाशी त्यांचं कसं जमतं त्यावरूनच. काही कामांना शेवट असतो, काहींना नसतो. 'वॉक' ला 'फॉर ॲन अवर' लागतं, 'रीच द फोर्ट' ला 'इन ॲन अवर'. आणि 'पेंट द बोट' ला दोन्ही चालतात, पण फॉर लावलात तर होडी रंगवून पुरी झाली की नाही ते कळत नाही आणि इन लावलात तर झालीच.

गंमत म्हणजे हे आपल्याला उपजत येतं. 'दोन तास होडी रंगवली' आणि 'दोन तासांत होडी रंगवली', मराठी माणूस इथे कधी चुकतो का? मग पोरांना इथूनच का नाही सुरुवात करून देत? 'सिन्स टू अवर्स' ची चूक पण तिथेच सुटेल, कारण आपण 'सकाळपासून' आणि 'दोन तासांपासून' दोन्हीला पासून लावतो, इंग्रजीत सकाळ हा सुरुवातीचा क्षण म्हणून सिन्स, दोन तास ही लांबी म्हणून फॉर.

सड्यावरचा_कलमी:
बरं, एवढं आहे तर मग 'द बोट विल कम इन हाफ ॲन अवर' याचा अर्थ सांगा. अर्ध्या तासात की अर्ध्या तासाने? आपल्याकडे 'त' आणि 'ने' लावून दोन सरळ वेगळ्या गोष्टी होतात. इंग्रजीत इन एकच, आणि नुसतं 'आत' म्हणायचं असेल तर विदिन आणावं लागतं. मग हुशार भाषा कुठली?

तिरफळ:
अरे मेल्यांनो, आमच्या जेटीवर अर्ध्या तासात काय नि अर्ध्या तासान काय, बोट येतली तेवा येतली. माका 'इन' नको नि 'विदिन' पण नको, चाय सांगा कोणीतरी.

जेटीवरचा:
तिरफळ 😂 पण थट्टा सोडा, आमच्याकडे या गोष्टींना पैसे लागतात. पावसाळ्यातली मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै, दोन्ही दिवस धरून ६१ दिवस. आता कोणी इंग्रजीत 'क्लोज्ड टिल थर्टीफर्स्ट जुलै' लिहिलं तर ३१ ला जायचं की नाही? टिल मध्ये शेवटचा दिवस येतो की नाही यावर इंग्रजवाले स्वतःच भांडतात. अमेरिकन लोक त्यासाठी 'थ्रू थर्टीफर्स्ट जुलै' लिहितात, त्यात ३१ नक्की धरलेली असते, ब्रिटिश पुढे 'इनक्लुझिव्ह' जोडतात. इथे क्रियापद बघून काय कळणार आहे सांगा. म्हणून मी सड्यावरच्यांच्या बाजूने, तारीख स्पष्ट लिहा, 'ओपन फ्रॉम फर्स्ट ऑगस्ट' लिहा.

खाडीकाठी:
हे मात्र खरं, टिलचं काठावरचं भांडण क्रियापदाने सुटत नाही. पण 'आकडे लिहा' हा होमस्टेच्या मेसेजपुरता उपाय झाला. पोरगी उद्या पुण्यात नोकरीला लागली आणि साहेब 'सेंड इट बाय फ्रायडे' म्हणाला तर ती शुक्रवारपर्यंत रोज पाठवत बसणार का?

सड्यावरचा_कलमी:
नाही बसणार हो. एवढी अक्कल सगळ्यांना असते, आणि तेच मी केव्हापासून सांगतोय.

खडू_आणि_डस्टर:
मी सेमी इंग्लिशला शिकवते, रत्नागिरीजवळ. तुम्ही सगळे भांडताय पण पेपर कोणी बघितलाय का? प्रश्न असा येतो: 'वुई विल लीव्ह डॅश मंडे'. ऑन बरोबर, बाय बरोबर, बिफोर पण बरोबर. उत्तरपत्रिकेत एकच, ऑन. क्रियापद शिकवून तयार केलेल्या एका पोराने बाय लिहिलं, मी मार्क दिला, तर शेजारच्या पोराचे वडील विचारायला आले की गाइडमध्ये ऑन असताना याला मार्क कसा. त्यांना वेंडलर सांगू का आता?