किचनचा ओटा आणि बेसिनची स्लॅब, दगड कुठला घ्यावा?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. जुन्या घराची दुरुस्ती काढलीय, चवथीच्या आधी स्वयंपाकघर हातात यायला हवं. आईचा ओटा कडप्प्याचा, सिंकजवळ पार खरबरीत झालाय, कितीही घासला तरी पांढरट दिसतो. खोली काळोखी आहे म्हणून बायकोला पांढरा मार्बल हवाय, मिस्त्री म्हणतो ग्रॅनाइटच घाला आणि दुकानदार क्वार्ट्झच्या मागे लागलाय. आमच्याकडे रोज हुमण (माशांची आमटी), सोलकढी, सगळं आंबट. बाथरूमला बेसिनखाली पण स्लॅब टाकायचीय, पाणी विहिरीचं. वापरलेल्यांनी सांगा ना.

पेडण्याची सून:
मार्बल किचनला अजिबात नको हो! आम्ही हौसेने घातला. पहिल्याच महिन्यात रात्री सोलं भिजत घातलेली वाटी ओट्यावर राहिली, बुडाला पाणी लागलेलं, सकाळी उचलली तर खाली गोल वर्तुळ. मला वाटलं डाग आहे म्हणून लिंबू घासलं तर आजूबाजूचं पॉलिशही गेलं. मग कळलं की तो डाग नव्हेच, मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की दगडच झिजतो. अजून बोट फिरवलं की ते वर्तुळ हाताला लागतं, खूप वाईट वाटतं. तुमचा कडप्पा पण चुनखडीचाच, म्हणून तसा झालाय.

दगडकाम_फोंडा:
ताईंचं बरोबर आहे. मी ओटे बसवतो, माझं मत ग्रॅनाइट. क्वार्ट्झ वाईट नाही, डाग कमी धरतो, पण त्यात दगडाच्या चुऱ्याबरोबर रेझिन (प्लास्टिकसारखा डिंक) असतं, गॅसवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर पिवळा पडतो, कधी तडकतो. ग्रॅनाइटला त्याचं काही वाटत नाही. फक्त काळा घेताना सांभाळा, काही स्लॅबना रंग मारलेला असतो, पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा, फडकं काळं झालं तर घेऊ नका. फिकट ग्रॅनाइट घेतलात तर पाण्याचा थेंब टाकून १०-१५ मिनिटं थांबा, दगड काळपट झाला तर सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारा लेप, लावायलाच हवा. स्लॅबचा जोड सिंकवर येऊ देऊ नका, तडा तिथूनच जातो. आणि कळकळीने सांगतो, क्वार्ट्झ घेतलाच तर घरात सुका कटर चालवू देऊ नका, पाणी मारूनच कापायचं. ती धूळ फुफ्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही, ऑस्ट्रेलियाने तर १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदीच घातली. कापणाऱ्या पोरांचा विचार करा.

सत्तरीवाला:
बाथरूमचं सांगतो. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर पांढऱ्यावर तांबूस ओघळ दिसणारच, आमच्याकडे नळाखाली तसाच पट्टा आलाय. तिथेही मार्बल नको, टॉयलेट क्लीनरमध्ये अॅसिड असतं, एक थेंब उडाला की झालं. करडा ग्रॅनाइट टाका, भिंतीकडच्या फटीत सिलिकॉन भरा, नाहीतर पावसात खालचं प्लाय फुगतं.

डिचोलीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुकानातून मार्बलचा आणि फिकट ग्रॅनाइटचा एकेक तुकडा मागून आणलाय. बायकोनेच दोन्हींवर सोलांचं पाणी आणि चिमूटभर हळद टाकून ठेवलीय, सकाळी बघून सांगतो. उजेडासाठी भिंतीला पांढऱ्या टाइल्स घालू म्हणतेय ती.