मैत्रीतून हळूहळू प्रेम: ऐकलेल्या कादंबऱ्यांचे अनुभव

सायली_वारजे:
काल जुना फोन चालू केला आणि अर्धवट डाऊनलोड झालेली ती कादंबरी दिसली. हडपसरला नोकरी होती तेव्हा कंपनीच्या बसमध्ये ऐकायचे. शाळेपासूनचे दोन मित्र, आणि अर्धं पुस्तक संपलं तरी कुणी काही बोलत नाही! वाचणाऱ्या बाईंनी त्याच्यासाठी आवाज जाड केला नव्हता, तो बोलताना फक्त सावकाश वाचायच्या. तेवढ्यानेच कळायचं की हा काहीतरी गिळतोय. मगरपट्ट्याला उतरावंसं वाटायचं नाही. तुमचंही लिहा ना.

पेठेतली_मुक्ता:
छापील पुस्तक असेल तर मी शेवटची पानं आधी बघते. कानाने ऐकताना तसं जमत नाही, त्यांच्याइतकंच आपणही थांबायचं. म्हणून अशा गोष्टी मला ऐकायलाच आवडतात.

निनाद७:
दीडच्या स्पीडवर ऐकणाऱ्यांनो, या प्रकारात तरी नका हो करू. मधल्या थांब्यातच सगळं असतं.

गौरीची_आई:
गवार निवडताना ऐकते. परवा त्याने तिला स्टेशनवर सोडलं तिथे इतकी रडले की सासूबाई धावत आल्या. मग त्यांनाही ऐकवलं. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी आकाशवाणीवर श्रुतिका असायच्या, आम्ही हातातलं काम टाकून बसायचो. पुणे केंद्र 1953चं, म्हणजे त्यांच्या लहानपणापासूनच.

पेठेतली_मुक्ता:
@गौरीची_आई सासूबाईंना नमस्कार सांगा 🙏 त्यांच्या आठवणी वेगळ्या धाग्यात लिहाच.

अमोघ_क:
2017मध्ये स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप भारतात आलं, मराठीही होतं, तेव्हापासून ऐकतोय. लिब्रिवॉक्सवर जुनी इंग्रजी पुस्तकं फुकट मिळतात, स्वयंसेवक वाचतात. पण काहींमध्ये दर प्रकरणाला वाचणारा बदलतो. प्रेमकथेत फार खटकतं, आवाजाशी आपली ओळख झालेली असते ना.

रेवा:
आमचं लग्न असंच झालं. स.प. कॉलेजला एकत्र होतो, टिळक रोडवर रोज चहा. सगळ्या ग्रुपला माहीत, आम्हा दोघांनाच नाही. असं पुस्तक ऐकताना मी नवऱ्याला एक इअरफोन देते, तो लगेच झोपतो ❤️

निनाद७:
@रेवा पूर्ण गोष्ट पाहिजे! आधी कोण बोललं?

शमा_कात्रज:
गाडीवर कानात घालून ऐकू नका प्लीज. बसमध्ये ठीक. सायली, नाव सांग ना पुस्तकाचं.

रेवा:
@निनाद७ तो. पर्वतीच्या पायऱ्या चढताना, धाप लागलेली असताना. बाकी रात्री लिहिते, कुकर झालाय.