तिसऱ्या पायरीचा धोका: 'लक्षणीय' की 'बराच'?

अनुवादिका: हिवाळ्यात मळलेली वाट सोडून बर्फातून डोंगर चढणाऱ्यांसाठीची माहितीपुस्तिका मराठीत आणतेय. हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत. कमी, मध्यम, मग तिसरी, त्यानंतर जास्त आणि अतिजास्त. इंग्रजीत तिसरीला 'कन्सिडरेबल' म्हणतात. मी 'लक्षणीय' लिहिलं, संपादकांनी 'साधारण' केलं. म्हणे पाचातली तिसरी म्हणजे मधलीच. मला हे धोकादायक वाटतं. या पायरीला एकट्या माणसाच्या वजनानेही उतार सुटू शकतो, म्हणजे त्यावरचा बर्फ घसरून खाली येऊ शकतो, आणि बरेच बळी याच पायरीला जातात.

गिरिवाट: 'साधारण' अजिबात नको. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, वर जाल तसा धोका कित्येक पटींनी वाढतो. पण 'लक्षणीय' हा अहवालातला शब्द, 'लक्षणीय उपस्थिती'सारखा. वाचून कुणाचा पाय थांबेल? सरळ 'बराच धोका' म्हणा.

शब्दनिष्ठ: 'बराच'मध्ये 'बरा' दडलाय. 'गंभीर' घ्या. आणि एक विनंती, 'बर्फ' टाळा. तो फारसी, आपला शब्द 'हिम'.

दिठी: फारसीत 'बर्फ' म्हणजे आकाशातून पडतो तोच, गोठलेल्या पाण्याला तिथे 'यख' म्हणतात. तेव्हा इथे 'बर्फ' अगदी चपखल आहे.

शब्दनिष्ठ: मराठीत बर्फ म्हटलं की टणक खडाच डोळ्यांपुढे येतो, त्याचं काय? 'स्खलन' मात्र उत्तम. मूळ अर्थ घसरणं. जर्मन 'लाविनं'सुद्धा लॅटिनमधल्या घसरण्याच्याच धातूवरून आलाय.

पायवाट: 'स्खलन' बोलताना कोण म्हणतं? दरड कोसळते, तशी 'हिमदरड' म्हणा. लगेच कळेल.

गिरिवाट: कळेल, पण चुकीचं कळेल! दरड म्हटलं की माणूस वर कड्याकडे बघतो. बहुतेक मोठी स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उघड्या, गुळगुळीत उतारावर होतात. शिवाय 'कोसळते' म्हटलं की संकट आपोआप वरून आल्यासारखं वाटतं. माणसं दगावतात तेव्हा बहुतेकदा तो उतार त्यांनी स्वतः किंवा सोबत्याने सोडवलेला असतो. 'सुटणं' हेच क्रियापद हवं.

अनुवादिका: मान्य. मग एकसंध सुटणाऱ्या थराला काय म्हणू? 'स्लॅब' लिहिलं तर छताचा स्लॅब आठवतो.

दिठी: आठवू दे की, तोही अखंडच असतो. एकदा वाटाड्याने आमच्यासमोर फावड्याने खड्डा खणला आणि एक चौकोनी खांब मोकळा कापला. माथ्यावर थापट्या मारताच वरचा घट्ट भाग सपाट निसटून पुढे आला. खाली साखरेसारखे सुटे कण होते. मुठीत कितीही दाबले तरी गोळा होईना. तो त्याला 'कच्चा थर' म्हणाला.

शब्दनिष्ठ: 'दुर्बल स्तर' म्हणावं.

दिठी: वाऱ्यात ओरडून सांगायला 'कच्चा'च बरा. तो थर पायाखाली बसला की 'धप्प' असा दबका आवाज येतो. ऐकला की तीव्र उतारापासून लांब व्हायचं. 'धप्प'ही पुस्तिकेत घ्या.

पायवाट: घट्ट थराला 'लादी' चालेल?

गिरिवाट: लादी पातळ असते. हा थर कधी मीटरभराहून जाड असतो.

पायवाट: दगडाची लादी जाडही असते. 'हिमलादी' म्हणून बघा, तोंडात छान बसतं.

शब्दनिष्ठ: 'लादी' कुठून आला, ते आधी बघायला हवं.