मदत हवी आहे: एटीकेटी लागलेल्या (काही विषय राहूनही पुढच्या वर्षात गेलेल्या) मुलाची शिष्यवृत्ती चालू ठेवायची का?

नमस्कार मंडळी,

पुण्यात आम्ही काही मित्रमंडळी एक छोटी शिष्यवृत्ती चालवतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे, देणगीदारांना करसवलत देणारी ८०जी आहे, पगारी माणूस एकही नाही. मुलं बहुतेक बीड, नंदुरबार, यवतमाळकडची. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसीला आलेली. प्रत्येक मुलामागे एक कार्यकर्ता. त्याने फोन करायचा, खर्चाचा हिशोब बघायचा, गुणपत्रिका मागवायची, वर्षातून एकदा घरी जाऊन यायचं.

घोडं अडलंय नूतनीकरणापाशी. पुढच्या वर्षीची मदत हवी तर ६० टक्के आणि सगळे विषय सुटलेले, असा आमचा नियम. माझ्याकडच्या एका मुलाचे पहिल्या वर्षी एम-वन (गणिताचा पहिला पेपर) आणि ग्राफिक्स (इंजिनिअरिंग ड्रॉइंग) राहिलेत. शाळा मराठी माध्यमाची, आईवडील ऊसतोडीला जातात. पोरगा अभ्यासच करत नाही म्हणावं, तर त्याची वही मी पाहिली आहे. सुरुवातीच्या पानांवर एकेका इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला, पुढे ते विरळ होत जातं आणि शेवटी नुसतं फळ्यावरचं उतरवून घेतलेलं.

बैठकीत दोन तट पडले. एक म्हणतो, रांगेत दुसरी मुलं आहेत, देणगीदारांना काय तोंड दाखवायचं? (न्यू जर्सीतले एक जण दर सहामाहीला निकालाचा तक्ता मागतात.) दुसरा म्हणतो, परिस्थिती बघून ठरवू. मदत थांबवू नये असं मलाही वाटतं, पण ‘परिस्थिती बघून’ला माझा विरोध आहे. ज्याचा कार्यकर्ता बैठकीत चांगला बोलतो त्याचं पोरगं तरतं, बाकीची जातात.

शिवाय हल्ली आमचा पैसा फीवर फारसा जातच नाही. २०२४-२५ पासून कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला आलेल्या आणि ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींचं शिक्षण शुल्क माफ झालं. हा मुलगा खुल्या गटातला, त्याला राजर्षी शाहू योजनेतून निम्मं शुल्क मिळतं. महाडीबीटीचा (सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलचा) हप्ता कधी पडेल तो पडेल. आम्ही देतो ते खोलीभाडं आणि मेस. फीसाठी कॉलेज थोडा दम धरतं, मेसवाला धरत नाही.

तर असा उपक्रम चालवणाऱ्यांनी सांगा, नापास विषयांबद्दल तुमचा लेखी नियम काय आहे?

प्रतिसाद

आम्ही पहिल्या वर्षाला टक्क्यांची अट काढूनच टाकली. त्याऐवजी हजेरी, राहिलेल्या विषयाचा परीक्षा अर्ज वेळेत भरल्याची पावती, आणि पुढच्या दोन परीक्षांत विषय सुटला पाहिजे, एवढंच बघतो. दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. त्या मुलाचा कार्यकर्ता माहिती देईल, पण मत देणार नाही. आणि मधला मार्ग म्हणून निम्मी मदत सुरू करू नका. निम्म्या मेसवर कोणाचा अभ्यास होत नाही, पोरगं संध्याकाळी डिलिव्हरीची कामं धरतं आणि उरलेले विषयही जातात.

एम-वनसाठी आम्ही आमच्याच तिसऱ्या वर्षाच्या मुलाला मानधन देऊन बसवतो. तो मराठीत समजावतो, पेपर इंग्रजीत सोडवून घेतो.

प्रतिसाद

मी नियमवाल्यांच्या बाजूचा. मुदत नसेल तर चार वर्षांची मदत सहा वर्षं चालते. वरचा दोन परीक्षांचा नियम ठीक आहे, पण तो प्रवेशाच्या वेळीच मुलाच्या आणि पालकांच्या हातात मराठीत द्या.

अवांतर: न्यू जर्सीचे गृहस्थ कोणत्या पासपोर्टवर आहेत? भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे बँकेतून येत असतील तर चालतं. अमेरिकन नागरिक झाले असतील तर भारतीय वंशाचे असले तरी, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका.

प्रतिसाद

गृहभेटी केव्हा करता? ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या सुमारास निघतात ती पट्टा पडेपर्यंत (कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत) येत नाहीत. हिवाळ्यात गेलात तर घराला कुलूप, नाहीतर म्हातारी एकटी. जुलै-ऑगस्टमध्ये जा आणि यंदा मुकादमाकडून किती उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली ते विचारा. तहसीलदाराच्या उत्पन्न दाखल्यावर किराणा दुकानवाला आणि ऊसतोड्या दोघांचा आकडा सारखाच असू शकतो. उचल किती फिटायची आहे त्यावरून घर कुठे उभं आहे ते कळतं. उचल मोठी असेल तर मेस बंद झाल्या दिवशी तुमचा मुलगा कोयता घेऊन फडात जाईल, पुढच्या परीक्षेला बसणार नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. कार्यकर्त्याने मत न देण्याचा मुद्दा आमच्या कोणाच्या डोक्यातच आला नव्हता. रविवारच्या बैठकीत असा मसुदा ठेवतोय: पहिल्या वर्षी टक्क्यांची अट नाही, विषय सोडवायला दोन परीक्षा, तोवर खोली-मेस पूर्ण, लॅपटॉपसारखी जादा मदत मात्र थांबलेली. पासपोर्टचं आजच विचारतो.

अजून एक अडलंय. महाडीबीटीचा हप्ता येईपर्यंत काही मुलांची फी आम्ही भरतो. हप्ता आला की ती रक्कम परत मागावी का? पैसे मुलाच्या आधार जोडलेल्या खात्यात पडतात आणि बऱ्याचदा घरच्या उसनवारीत जातात. कोणी लेखी करार करून घेतं का?

आणि कोथरूड-कर्वेनगर भागात ग्राफिक्स शिकवणारं कोणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ड्रॉइंग बोर्ड आमच्याकडे आहे.