जोत्यालगतची फरशी वारंवार खचते; पायाला धोका आहे का?

प्रश्न
घर बांधून चार वर्षे झाली. गेल्या वर्षापासून जोत्यालगतचे पेव्हर ब्लॉक खाली जात आहेत. मागच्या कोपऱ्यात, जिथे गच्चीच्या पाण्याचा पाइप चेंबरमध्ये उतरतो, तिथे ते सुमारे 60 मिलिमीटर खचले असून फरशीची जुनी पातळी गिलाव्यावर रेघेसारखी उघडी पडली आहे. एकदा ब्लॉक उचलून खाली वाळू टाकली. पुढच्याच पावसाळ्यात ते पुन्हा बसले. भिंतींना तडे नाहीत, तरीही पायाच खचत असेल का, ही धास्ती मनातून जात नाही.

प्रतिसाद 1
तडे नसतील, दारे-खिडक्या अडत नसतील, तर बहुधा पाया नव्हे, भराव खचतो आहे. पायासाठी खणलेला चर पायापेक्षा रुंद असतो आणि बांधकाम वर आल्यावर उरलेली जागा मातीने बुजवतात. ही माती 150 ते 200 मिलिमीटरच्या थरांनी, पाणी मारून आणि धुम्मस करून (ठोकून घट्ट दाबून) भरायला हवी. प्रत्यक्षात ती बरेचदा एकदम लोटली जाते आणि पुढे कित्येक वर्षे बसत राहते. पाया मात्र चराच्या तळाशी, न हलवलेल्या जमिनीवर उभा असतो.

प्रतिसाद 2
वरील मत पटते, पण एकाच कोपऱ्यात इतका खड्डा पडण्यामागे पाणी असावे, असे मला वाटते. चेंबरची दोन्ही तोंडे बुचाने बंद करा, ते पाण्याने भरा, पातळीवर खडूने खूण करा आणि तासाभराने पाहा; पाणी उतरले असेल तर चेंबर गळते आहे. कृपया वरून काँक्रीट ओतू नका. खालची पोकळी झाकली जाते आणि वाढतच राहते.

प्रश्नकर्ता
चाचणी केली. तासाभरात पाणी खुणेपासून वीतभर उतरले. ब्लॉक काढले तेव्हा पाइप जिथे चेंबरमध्ये शिरतो तिथला सांधा सुटलेला दिसला. त्याच्याखाली हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी पोकळी होती आणि तिच्या तळाशी नुसते खडे उरले होते.

प्रतिसाद 2
म्हणजे बारीक माती पाण्याबरोबर वाहून गेली आणि खडे मागे राहिले. आधी सांधा दुरुस्त करा आणि हीच चाचणी पुन्हा घ्या. मग भुसभुशीत माती घट्ट थर लागेपर्यंत काढून मुरूम थराथराने धुम्मस करत भरा. मात्र पायाच्या तळाखाली खणू नका. ब्लॉकखालची वाळू 25 ते 40 मिलिमीटरच ठेवा, कारण जाड वाळूने खड्डा भरून काढला की ती पुन्हा दबते. फरशीला घरापासून बाहेर, दर मीटरला 20 मिलिमीटर ढाळ द्या.

प्रतिसाद 1
जमीन काळ्या मातीची असेल तर ती ओलीने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे जोते आणि फरशी यांमधली फट सिमेंटने न भरता लवचीक डांबरी मसाल्याने भरावी. पुढे कधी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघाला, तर त्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवा; ती तडकली तर हालचाल चालू आहे असे समजून स्ट्रक्चरल इंजिनिअरला लगेच बोलवा.